सेकंड लिहिणारा गुर्रम

अंबादास गुर्रम गेल्यानंतर शहरातल्या सायकल मंडळाने शोकसभा घेतली. तीत चौघे बोलले आणि चौघांनीही चुकीचे सांगितले. पहिल्याने त्याला ‘कार्बनचा जादूगार’ म्हटले. अंबादासला जादू या शब्दाचा तिटकारा होता. दुसरा म्हणाला की गुर्रमकाका लहरी होते, लोकांच्या महागड्या सायकली करवतीने कापून टाकत. तिसऱ्याने आवाज खाली आणून आठवण करून दिली की प्रज्ञा कांबळे ज्या सायकलवरून पडली तिच्या सांगाड्याचा जोड त्यांचाच होता, आणि ‘चूक माणसाकडूनच होते’ असे औदार्यही दाखवले. चौथ्याच्या मते त्या अपघाताची धास्ती घेऊन काकांनी काम सोडले. मी बोलायला उठलो तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले आणि चहा आला. तो मी घेतला नाही. तिथे जे बोलू दिले नाही ते इथे लिहितो आहे. कोणाची मर्जी सांभाळण्याचे माझे वय आता राहिलेले नाही. ते कधी होते असेही मला आठवत नाही.

माझी त्याची ओळख सायकलमुळे झाली नाही, चादरीमुळे झाली. ज्या गिरणीच्या जागेवर आता सदनिका उभ्या आहेत त्या गिरणीत मी विक्री विभागात होतो आणि अंबादास घडीखात्यात. मागावरून उतरलेला माल घडीखात्यात उजेडावर पसरून तपासला जाई, आणि ज्या नगात दोष सापडेल त्यावर ‘सेकंड’ असा शिक्का बसे. शिक्का बसलेला माल निम्म्या भावात जाई, आणि तो विकण्याची नामुष्की माझ्या वाट्याला येई. अंबादास वस्त्रविद्येची पदविका घेऊन आलेला, पद्मशाली विणकरांच्या घरातला, अंगाने काटकुळा आणि जिभेने तिखट. गळ्यात दोरीला बांधलेले धागे मोजण्याचे भिंग असे. ते तो वरिष्ठांशी बोलतानाही डोळ्याला लावी, जणू समोरच्या माणसातही तुटका धागा सापडेल.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला त्याच्याकडे रदबदली करायला पाठवले गेले. परगावच्या व्यापाऱ्याचा मोठा माल त्याने अडवला होता. मी एक चादर उचलून त्याच्यापुढे धरली.

“गुर्रम, हा धागा दिसतो का कुणाला?”

“मला दिसतो की.”

“गिऱ्हाईक काय भिंग घेऊन झोपणार आहे का?”

“गिऱ्हाईक झोपल्यावर बघत नाही, मानेसाहेब. म्हणून तर आपण जागं राहून बघायचं.”

आणि माझ्या देखत त्याने शिक्का मारला. तोही काठाजवळ नव्हे, दर्शनी बाजूला. मी त्याला गर्विष्ठ म्हणालो. त्याने भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तुमच्यात पण दोष दिसतोय, पण तुम्ही आमच्या खात्यात येत नाही.” आमची मैत्री तेव्हापासूनची. ती भांडणावर उभी होती, म्हणून टिकली. गोड बोलणारे माझे सगळे मित्र कधीच पांगले.

गिरणी बंद पडल्यावर तो पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला. तिथे काचेचे आणि कार्बनचे कापड विणत आणि त्याचे निरनिराळे भाग घडवत. निवृत्तीनंतर तो सोलापुरात परतला तेव्हा बायको गेलेली होती आणि मुलगा हैदराबादेत स्थिरावला होता. पूर्व भागातल्या वडिलोपार्जित घराच्या मागे मागांची शेड होती. माग भंगारात गेले होते. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते. त्या रिकाम्या शेडमध्ये त्याने सायकलींचे काम मांडले.

लोकांची समजूत अशी की कार्बनची सायकल म्हणजे काळ्या प्लास्टिकची सायकल. जादूगार म्हणणाऱ्या वक्त्याचीही तीच होती. खरे पाहता ती कापडाची सायकल असते. कोळशासारख्या काळ्या, केसाहून बारीक तंतूंचे कापड. ते चिकट राळेत भिजवून थरावर थर बसवायचे, त्यातली हवा पंपाने ओढून घ्यायची, आणि बेताच्या उष्णतेवर ते आवळून धरायचे. कुठल्या थराचा धागा सरळ जाईल आणि कुठल्या थराचा तिरपा, यावर दांडा ओढ सहन करील की पीळ, हे ठरते. “माने, हे आपलंच काम आहे,” अंबादास मला पहिल्या दिवशी म्हणाला होता, “फक्त ही चादर पांघरायची नाही. हिच्यावर बसायचं.”

स्वतः मात्र तो शेवटपर्यंत काळ्या, जड, मागे कॅरिअर असलेल्या लोखंडी सायकलवरून फिरला. यावरून त्याची थट्टा होई. त्याचे उत्तर ठरलेले होते: “लोखंड वाकतं, कुरकुरतं, गंजतं. चार दिवस आधी सांगतं. हे सांगत नाही. हे आत फाटतं आणि वरून चकाकतं. मला आता बायको नाही घरात, आणि न सांगणाऱ्या माणसाबरोबर राहायची सवय पण नाही.”

न सांगणाऱ्या वस्तूला बोलते करण्याची त्याची रीत साधी होती. रुपयाचे नाणे घेऊन तो दांड्यावर हलकेच टिचक्या मारत पुढे सरके. जिथे थर एकजीव असतील तिथे आवाज खणखणीत येई. जिथे ते आतून सुटले असतील तिथे मडके तडकल्यासारखा. “बद्द,” असे म्हणून तो तिथे खडूने गोल काढी. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाचे कान शाबूत राहणे दुर्मीळ. त्याची आई लहानपणापासून त्याच्या कानांत कापूस कोंबत असे, एवढेच त्यामागचे रहस्य. शेडमध्ये रेडिओ नव्हता, पंखाही काम चालू असताना बंद. सोलापूरच्या वैशाखात तिथे बसणे ही शिक्षा होती, आणि मी ती नियमाने भोगली.

त्याचे इतर दंडकही असेच. घासकाम पाण्याने ओले करूनच करायचे, कारण त्या तंतूंची कोरडी धूळ फुफ्फुसात गेली तर बाहेर येत नाही. तोंडाला फडके नसेल त्याला दारातच थांबवी. काम झाल्यावर हात आधी थंड पाण्याने धुवायचे. गरम पाण्याने कातडी सैल पडते आणि कुसळे आत शिरतात. कापडाचे थर बसवताना तो तेलुगूत मोजी: ओकटी, रेंडू, मूडू. मध्ये मी बोललो की हात थांबे आणि तो माझ्याकडे असा पाही की पुढचा अर्धा तास मी आढ्याकडे बघत बसे.

करवतीची गोष्ट अशी. आपल्या हाताला लोखंडी सायकलची एक खोड आहे: बोल्ट आवळून झाला तरी मन भरत नाही, म्हणून ‘अजून एक आटा’. सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आपली सायकल घेऊन आले होते. सीट खाली घसरते म्हणून त्यांनी ती आवळली, पुन्हा घसरली, पुन्हा आवळली; वर तिथे ग्रीसही चोपडले होते, मग ती घसरणारच. अंबादासने नाणे मारले. सीटखालचा दांडा वीतभर बद्द.

“लई न्हाय आवळलं,” बागायतदार म्हणाले. “एकच आटा जादा.”

“तेवढाच लागतो, भाऊ. ही बघा, ही पान्याची दांडी. ठरलेला जोर झाला की टक वाजतं. टक झालं की हात काढायचा.”

“आन् मनाला वाटलं अजून ढिलं हाय तर?”

“मनाला घरी ठेवायचं.”

दांडा दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. बागायतदार म्हणाले, ठीक आहे, भाच्याला देऊन टाकतो, गल्लीत फिरवील. तेव्हा अंबादासने करवत त्यांच्यापुढे ठेवली. “गल्लीत पण दात पडतात. न्यायची तर न्या, तुमची आहे. पण मग गुर्रमनं बघितलीय असं कुणाला सांगू नका. नाहीतर तुम्हीच कापा.” कापली ती बागायतदारांनी, स्वतःच्या हाताने, तोंडाला फडके बांधून, ओल्या कपड्याखालून. आतले थर पुस्तकाची पाने सुटावीत तसे सुटलेले पाहून ते म्हणाले, “आयला, ह्याच्यावर मी घाट उतरलो व्हय.” मग कापलेला तुकडा काखेत मारून, डाळिंबाच्या फांदीला टेकू लावतो म्हणून घेऊन गेले. सायकली कापण्याची म्हणून जी कथा सांगतात तिचा उगम इथे आहे. मी तिथे हजर होतो, सांगणारा नव्हता.

आता मुख्य गोष्ट.

सायकल मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष एके दिवशी सकाळी आले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. सायकल टपावर लावलेली आहे हे विसरून त्यांनी गाडी स्वतःच्याच बंगल्याच्या पोर्चमध्ये घातली होती. पुढच्या तिरप्या दांड्याला, हँडलच्या जरा खाली, केसाएवढी रेघ दिसत होती. अंबादासने नाणे मारले, गोल काढला, आणि आठवडाभर ते काम केले. फाटलेला भाग उताराने घासून काढला, त्यावर आलटून पालटून सरळ आणि तिरपे थर बसवले, दोन्ही बाजूंना मूळ दांड्यावर चांगले लांबपर्यंत चढवले. मी त्याचे बरेच काम पाहिले, पण इतके देखणे पाहिले नाही. आणि शेवटी, दर दुरुस्तीवर तो जे करी ते त्याने केले. बारीक कुंचल्याने, पांढऱ्या रंगात, गिरणीच्या शिक्क्याच्या वळणाने त्या जोडाच्या वरच्या अंगाला लिहिले: सेकंड. त्यावर पारदर्शक राळेचा थर दिला, म्हणजे तो शब्द पुसता येऊ नये.

“हे काय लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारले.

“सेकंड.”

“काका, ही सायकल केवढ्याची आहे, कल्पना आहे ना?”

“आहे की. पोर्चमध्ये जायच्या आधी केवढ्याची होती ते पण माहिती आहे.”

“जोड पक्का नाही का?”

“पक्का आहे. पण नवा नाही. महिन्यातून एकदा नाणं मारून ऐकायचं. कुठं आपटली तर आधी इकडं आणायची, मग बसायचं. जो कोण बसेल त्याला हे कळायला पाहिजे.”

अध्यक्ष सायकल घेऊन गेले. मी अंबादासला म्हणालो की शब्द खालच्या अंगाला लिहिला असता तर काही बिघडले नसते. माणसाला चारचौघांत मिरवायचे असते. तो म्हणाला, “सेकंडचा शिक्का आपण कधी घडीच्या आत मारला का?”

पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मंडळातल्या टवाळांनी अध्यक्षांना ‘सेकंड अध्यक्ष’ म्हणायला सुरुवात केली. पहाटे मंडळी जमली की, “आले का सेकंड अध्यक्ष? मग फर्स्ट कोण?” असे चाले. त्यांनी काही दिवस सोसले. मग मोटारी रंगवणाऱ्या एका गॅरेजात सायकल नेली आणि तो शब्द घालवून लालभडक रंग मारून घेतला. नंतर ती त्यांनी विकून टाकली, कधीही न पडलेली म्हणून. घेणारी होती प्रज्ञा कांबळे. कुर्डुवाडीची, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी करणारी, तिशीच्या आतली, आणि शर्यतींत उतरण्याची जिद्द असलेली. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, पट्टे न मारलेला. त्यावरून वेगात जाताना पुढचा दांडा एकदम तुटला. तिचा जबडा आणि गळ्याचे हाड मोडले. तुटलेल्या दांड्याचे छायाचित्र त्याच दुपारी शहरभर फिरले, आणि लाल रंगाखालून डोकावणारा काळा जोड पाहून ज्याला त्याला एकच कळले: गुर्रमचा जोड तुटला.

अंबादासने ते छायाचित्र माझ्याच फोनवर पाहिले. नाणे खिशातून काढून बाकावर ठेवले, आणि त्या दिवसापासून एरवी काम चालू असताना बंद असणारे शेडचे दार उघडे राहू लागले. धूळच होत नव्हती.

कुणी आले नाही. ज्यांच्या सायकली त्याने जोडल्या होत्या त्यांतल्या कित्येकांनी त्या गुपचूप विकायला काढल्या. मी रोज जात असे आणि रोज एकटाच बोलत असे. तो ऐके, उठून दोन कप चहा करी, एक मला देई. पूर्वी शेडमध्ये चहाला बंदी होती. ती उठली याचे मला जे दुःख झाले ते मी त्याला सांगितले नाही.

प्रज्ञा स्वतःच आली. जबड्याच्या तारा नुकत्याच निघाल्या होत्या, शब्द चावत चावत बोलावे तशी बोलत होती. गोणपाटात गुंडाळून तिने तो तुटका सांगाडा आणला होता. मला वाटले जाब विचारायला आली. अंबादासलाही तसेच वाटले असावे, कारण तो उभा राहिला.

“काका, बसा की,” ती म्हणाली. “मी भांडायला न्हाय आले. मला तोंड उघडून भांडता बी येत न्हाय अजून.”

तिने गोणपाट सोडले. अंबादासने कित्येक दिवसांनी भिंग डोळ्याला लावले आणि तुटलेल्या कडेवर वाकला. खालच्या अंगाला कापडाचे सगळे थर शाबूत होते. एकावर एक, मोजून घ्यावेत असे. वरच्या अंगाला, जिथे शब्द होता, तिथे जेमतेम एखादा थर उरला होता आणि त्यावर लाल रंगाची जाड पुटे. शब्द राळेखाली होता, म्हणून तो निघेपर्यंत गॅरेजवाल्याने यंत्राने घासले होते. शब्दाबरोबर जोड गेला.

“ओकटी,” अंबादास म्हणाला, आणि पुढे मोजायला काही नव्हते.

“आमच्या वर्कशॉपात बारीक तडा शोधायला रंग लावत्यात,” प्रज्ञा म्हणाली. “हितं रंगानंच झाकलं. मी घरी भिंगातनं बघितलं तवाच कळलं, तुमचा जोड तुटलाच न्हाय. कुणीतरी सोललाय. त्या रंगाखाली काय होतं?”

“सेकंड लिहिलं होतं.”

“वाचलं असतं तर मी घेतलीच नसती,” ती म्हणाली. मग म्हणाली, “न्हायतर घेतली असती, पण हळू चालवली असती.” आणि सांगाडा तिथेच ठेवून निघताना तिने विचारले, “काका, मला एक तुमच्या हातची करून द्या. नवी. पुढच्या मोसमापतूर.”

अंबादास म्हणाला, “बघू.”

त्या एका शब्दावर मी आठ दिवस जगलो. मला वाटले, माणूस परत आला. मी अध्यक्षांच्या घरी गेलो, तो तुटका दांडा त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला, आणि शेडवर येऊन बोलण्यास त्यांना भाग पाडले. कसे भाग पाडले हे विचारू नये. माझा आवाज मोठा आहे आणि त्यांच्या घरी तेव्हा पाहुणे होते. ते आले. मान खाली घालून आले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

“काका, मला माहीत नव्हतं असं होईल,” ते म्हणाले. “मी फक्त अक्षरं काढायला सांगितली होती.”

मी अपेक्षेने अंबादासकडे पाहिले. ज्या माणसाने चादरीतल्या एका धाग्यासाठी मला सुनावले होते तो आता काय बोलेल, यासाठी मी सावरून बसलो होतो. त्याने हलक्या आवाजात विचारले, “एवढं खुपलं ते?”

“लोक हसायचे, काका. रोज.”

“हसायचे?” अंबादास म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरेखुरे आश्चर्य होते. “मला वाटायचं, वाचतील.”

अध्यक्ष गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. आता शहराला सांगू, मंडळाची सभा बोलावू, त्या गॅरेजवाल्यालाही उभा करू, असे बरेच काही बोललो. तो म्हणाला, “नको. तो मान खाली घालून आला. आता त्याला चौकात उभा करायचा नाही.”

“मग लोक म्हणतात ते खरं मानायचं? तुझा जोड तुटला?”

“माझा जोड तुटला नाही. माझं लिहिणं चुकलं.”

“लिहिलं ते खरं होतं.”

“खरं होतं, माने. पण बघ की. मिलमध्ये आपण शिक्का मारला की आपलं काम संपायचं. चादर कुणाच्या का अंगावर जाईना. फार तर थंडी जरा जास्त वाजेल. मी सायकलीवर पण तसाच शिक्का मारला आणि हात झाडले. त्याच्या समोर बसून, त्याला पटेपर्यंत तोंडानं सांगायचं होतं. ते मी टाळलं. मला माणसांशी बोलायचा कंटाळा. म्हणून लिहून मोकळा झालो. मी लिहिलं नसतं तर त्यानं सोललं नसतं.”

“हा कुठला न्याय? खरं बोलणारा दोषी?”

“दोषी म्हणत नाही मी. मी मोजतोय फक्त.”

मी हा वाद त्या दिवशी सोडला नाही, नंतरही कधी सोडला नाही. मला तो आजही अमान्य आहे. दुसऱ्याच्या भित्रेपणाचे ओझे आपल्या खऱ्या शब्दावर घेणे हा नम्रपणा नव्हे, तो एक प्रकारचा अहंकारच आहे, असे मी त्याच्या तोंडावर म्हणालो. त्याने मान हलवली. पटले म्हणून नव्हे, ऐकले म्हणून.

प्रज्ञा पुन्हा आली तेव्हा त्याने तिला नाही म्हटले.

“हात थांबलाय, बाळ. लोखंडाची घे. सांगून तुटते.”

“लोखंडाची घेऊन मी शर्यतीत सामान वाहू व्हय?” तिने हसण्याचा प्रयत्न केला. मग हसणे सोडून म्हणाली, “काका, मी पडले. मलाच भ्या वाटत न्हाय, आन् तुमाला वाटतं?”

“भीती नाही,” अंबादास म्हणाला. “मी थर मोजायला बसलो की ओकटीच्या पुढं जातच नाही.”

ती तुटका सांगाडा तसाच तिथे ठेवून गेली आणि पुन्हा आली नाही. पुढे तिने दुसरीकडून सायकल घेतली असे कळले. तेव्हा, ‘धास्तीने काम सोडले’ म्हणणाऱ्या चौथ्या वक्त्याला माझे उत्तर हे आहे. ज्याला भीती वाटते तो पोलिसांना भितो, लोकांना भितो. अंबादास तुमच्यापैकी कोणालाही भीत नव्हता. त्याला फक्त तुमच्याविषयी जी समजूत होती, की लिहिलेले तुम्ही वाचाल, ती उरली नव्हती.

त्याने मला गप्प राहायला सांगितले होते, म्हणून तो असेपर्यंत मी गप्प राहिलो. अध्यक्षही गप्प राहिले. त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. शेवटच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे जाणे कमी केले. भांडण्यासाठी समोरच्याचीही थोडी इच्छा लागते, आणि तो आता माझ्या प्रत्येक म्हणण्याला “असेल” म्हणू लागला होता. ‘असेल’ या शब्दाशी मला भांडता येत नाही.

त्याला मी शेवटचे पाहिले ते अक्कलकोटहून परतताना, एसटीच्या खिडकीतून. रविवारची सकाळ होती. कुंभारी मागे पडले आणि त्या गतिरोधकापाशी गाडी मंदावली. पट्टे अजूनही मारलेले नव्हते. रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, काळी सायकल स्टँडवर लावलेली होती आणि तिच्या पुढे अंबादास उभा होता. गळ्यात भिंग नव्हते. समोरून मंडळाची सायकलस्वार मंडळी येत होती, रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांवर काळे चष्मे, एकामागे एक, वेगात. तो प्रत्येकाला हात वर करून काही सांगत होता. ओठांवरून कळत होते: हळू. पुढे उंचवटा आहे. हळू. आयुष्यभर ज्याला माणसांशी बोलण्याचा कंटाळा होता तो माणूस रस्त्यावर उभा राहून अनोळखी लोकांशी बोलत होता, आणि त्यांच्या कानांत गाणी होती.

त्यांना वाटले, कोणी म्हातारा हात करतो आहे. त्यांनीही हसून हात केले आणि तसेच निघून गेले.

मी पलीकडच्या बाजूला बसलो होतो. उठून, माणसे ओलांडून, खिडकीशी पोचेपर्यंत एसटीने उंचवटा ओलांडला होता. मागे वळून पाहिले तेव्हा शेवटचा सायकलस्वारही गेला होता आणि अंबादासचा हात अजून वरच होता.